बल्ब बदलला आणि मीटरमधला दिवा लागला

(रेडिओवर झालेलं बोलणं, अंकासाठी थोडं वाढवून)

आजचा विषय गाडीचा आहे. ‘आम्हाला कुठं गाडी चालवायचीय’ म्हणून लगेच रेडिओचा कान पिळू नका. गाडी तुम्ही चालवत नसाल, पण तिचे पैसे तुम्हीच भरता. आपल्याकडे आता बऱ्याच बचत गटांच्या दारात गाडी उभी दिसते. चटणी, पापड, गूळ, नाचणीचे लाडू घेऊन कोल्हापूरच्या बाजाराला जायचं, मुंबईच्या महालक्ष्मी सरसला माल न्यायचा, तर एसटीत खोकी चढवून भागत नाही. मग गाडी घेतली जाते. बहुतेक वेळा सेकंडहँड. चालवायला कुणाचा तरी दीर नाहीतर मुलगा, आणि दुरुस्तीचा खर्च गटाच्या वहीत.

कागलकडच्या एका गटातून आम्हाला प्रश्न आला. त्यांच्या गाडीचा मागचा ब्रेकचा बल्ब गेला होता. जवळच्याच एका गॅरेजवर नवा टाकला. मेस्त्री म्हणाला, “साधा कशाला घालताय? एलईडी घाला, परत बघायला नको.” घातला. उजेड झक्क पडला. पण त्याच संध्याकाळी मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागला, बल्बचं चित्र असलेला, तो काही केल्या जाईना. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी सांगितलं की गाडीचा कॉम्प्युटर बिघडलाय, पाच आकडी खर्च येईल. ‘गटाच्या खात्यात तेवढे पैसे आहेत, पण ते मिरची खरेदीचे आहेत. काय करावं?’ असा प्रश्न.

उत्तर आधी देतो, कारण सांगतो मागून. ते पैसे देऊ नका. निदान आज तरी नको. आधी तो एलईडी काढून पूर्वी होता तसला साधा, तारेचा बल्ब त्याच जागी बसवा आणि गाडी बंद करून पुन्हा चालू करा. चहा-नाष्ट्याच्या पैशात होणारी ही तपासणी आहे. दिवा गेला तर कॉम्प्युटर ठणठणीत आहे. नाही गेला तर पुढचं बघू, आणि तेही आज सांगणारच आहोत.

आता हे असं का होतं ते ऐका.

तुमच्या गावात दूध संकलन केंद्र आहेच. समजा एक घर रोज सकाळी सात लिटर दूध घालतं. एक दिवस त्या घरचं दूध एकच लिटर आलं, दुसऱ्या दिवशीही एकच. केंद्रावरचा माणूस काही गोठ्यात येऊन बघत नाही. तो वहीत बघतो आणि म्हणतो, ह्यांची म्हैस आटली. पण गोठ्यात झालंय काय, तर म्हैस विकून त्या दावणीला शेळी बांधलीय. शेळी धडधाकट आहे. तिचं दूधच तेवढं.

नव्या गाड्यांत असंच एक संकलन केंद्र असतं. डब्यात बसवलेलं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र, जे प्रत्येक दिव्याकडे किती वीज जाते ते मोजत असतं. दिव्याचा उजेड त्याला दिसत नाही, त्याला फक्त वीज कळते. ब्रेकचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. २१ ला १२ ने भागा: १.७५ अँपिअर. एवढी वीज त्या तारेतून जायला हवी, असं त्या यंत्राला कारखान्यातच शिकवलेलं असतं. आणि एलईडी समजा ३ वॅटचा असेल, तर तो घेतो पाव अँपिअर. म्हणजे सातातला एक. यंत्र म्हणतं, बल्ब गेला. ते खोटं बोलत नाही, त्याला जेवढं शिकवलंय तेवढं ते सांगतं.

मग मारुती ८०० ला कधी असा दिवा लागला नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. तिच्यात हे मोजणारं यंत्रच नव्हतं. बटण, तार आणि बल्ब एवढाच कारभार. आजही साध्या बनावटीच्या गाड्यांत सगळे दिवे मोजले जात नाहीत, पण युरोपच्या धाटणीच्या गाड्यांत बल्बवर नजर ठेवण्याची पद्धत आधीपासून आहे. त्या गाड्या आता आपल्या राज्यातच बनतात. स्कोडा २००१ पासून संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, फोक्सवॅगन २००९ पासून पुण्याजवळ चाकणला. नव्या होत्या तेव्हा त्या शहरातल्या बंगल्यांपुढे होत्या. आता तिसऱ्या-चौथ्या हाताने फिरत त्या आपल्या गावापर्यंत आल्या आहेत. गाडी गावात आली, पण तिची रीत गावातल्या गॅरेजपर्यंत आलेली असतेच असं नाही. यात मेस्त्रीला नावं ठेवायची आमची इच्छा नाही. उद्यमनगरात ऑइल इंजिनपासून पुढं हातानं शिकलेली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं आहेत, आणि त्यांच्या हाताला तोड नाही. पण हात इंजिनाचा वेगळा आणि वीज मोजणाऱ्या यंत्राचा वेगळा. विजेच्या कामाला वायरमनच बघावा.

इंडिकेटरचं लक्षण वेगळं असतं, आणि ते तुम्हाला गाडीत मागे बसूनही ओळखता येतं. इंडिकेटर लावला की टिक-टिक असा आवाज येतो. घड्याळ लावून दहा सेकंद मोजा. दहा ते वीस टिका झाल्या तर ठीक, कारण इंडिकेटरने मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लुकलुकावं असा नियम आहे. तो धावत सुटल्यासारखा टिकटिकटिक करायला लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे, नाहीतर कमी वीज घेणारा बसवला आहे. ड्रायव्हरला कळावं म्हणून गाडी मुद्दाम तसं करते. डाव्या बाजूला टिकटिक जलद असेल तर दोष डाव्या बाजूला. स्कूटरलाही हेच लागू. एलईडी इंडिकेटर घातल्यावर ज्यांची स्कूटर घाई करायला लागली, त्यांनी तो कमी विजेसाठी बनवलेला फ्लॅशर बदलून घेतला तर बहुतेक वेळा काम होतं. काही मोटारसायकलींत तर एका बाजूचा इंडिकेटर लावला की चारही दिवे लुकलुकतात, कारण मीटरमधला छोटा बल्ब दोन्ही बाजूंना जोडलेला असतो आणि त्याच्यातून पलीकडे जाणारी थोडीशी वीजही एलईडीला पेटायला पुरते. साध्या बल्बला ती पुरत नव्हती, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही.

आणखी एक चमत्कार लोक सांगतात. दिवे बंद आहेत, नुसती चावी फिरवली, तरी मागचा एलईडी मंद लुकलुकतो. भूतबाधा नाही. ते मोजणारं यंत्र दिवे बंद असतानाही मधूनमधून विजेचा चिमूटभर ठोका पाठवून बल्ब जागेवर आहे का ते चाचपतं. साध्या बल्बची तार तेवढ्याने गरमही होत नाही. एलईडी मात्र लगेच डोळा मिचकावतो.

आता एक गोष्ट सांगतो ती नीट लक्षात ठेवा, कारण ती धोक्याची आहे. सगळाच दोष एलईडीचा नसतो. साध्या बल्बमध्येही चुकीचा बल्ब असतो, आणि तो जास्त घातक.

जुना बल्ब हातात घ्या आणि त्याचं बूड बघा. काही बल्बांच्या बुडाला शिशाचा एक ठिपका असतो, काहींच्या दोन. एक ठिपका म्हणजे आत एकच तार, २१ वॅटची. त्यावर ‘पी २१ डब्ल्यू’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं. दोन ठिपके म्हणजे आत दोन तारा, एक ब्रेकची २१ वॅटची आणि एक रात्रीच्या टेल लाईटची ५ वॅटची. त्यावर ‘पी २१/५ डब्ल्यू’. बाजूला ज्या दोन खुंट्या असतात त्या एक ठिपक्याच्या बल्बला समोरासमोर, एका उंचीवर असतात. दोन ठिपक्यांच्या बल्बला एक वर, एक खाली. ही उंची मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे, चुकीचा बल्ब बसूच नये म्हणून. पण आपली माणसं हार मानत नाहीत. दाबतात, पिळतात, वेळ पडली तर खुंटीवर कानस मारतात, आणि बसवतातच.

एक ठिपक्याचा बल्ब दोन ठिपक्यांच्या होल्डरमध्ये असा घुसवला की त्याचा तो एकच मोठा ठिपका होल्डरमधल्या दोन्ही टोकांना एकदम टेकू शकतो. मग ब्रेकची वीज पार्किंगच्या तारेत शिरते. ब्रेक दाबला की पुढचे पार्किंग लाईट लागतात, मीटरचा उजेड लागतो, नंबर प्लेट उजळते. कुठे फ्यूज उडतो. काही गाड्यांत ब्रेकशी संबंधित दुसराच पिवळा दिवा लागतो, आणि मग ब्रेकचं काम काढलं जातं, सेन्सर बदलला जातो, पैसे जातात, दिवा तिथंच. आणि रात्री टेल लाईट लावले की मागे २१ वॅटची तार सतत जळत राहते. मागून येणाऱ्याला वाटतं की ही गाडी कायमच ब्रेक दाबून चाललीय. खरा ब्रेक दाबला तरी त्याला फरक दिसत नाही. पावसाळ्यात धुकं उतरल्यावर करूळ घाटात किंवा आंबा घाटात मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला तुमच्या त्या दोन लाल दिव्यांशिवाय काही दिसत नसतं. त्यांनीच चुकीचं सांगितलं तर पुढचं बोलायला नको.

इंडिकेटरच्या पिवळ्या बल्बच्या खुंट्याही थोड्या तिरक्या असतात, पांढरा बल्ब तिथं बसू नये म्हणून. तिथंही तीच कानस चालते. स्वस्तातल्या पिवळ्या बल्बचा रंग काही महिन्यांत पोपडे धरून पडतो, तेव्हा इंडिकेटर पांढरा दिसायला लागला तर बल्ब बदला.

बरं, मग दोष शोधायचा कसा? दोन बायका पुरतात. एकीने स्टेअरिंगपाशी बसायचं, दुसरीने गाडीभोवती फिरायचं.

सगळ्यात आधी गाडीला हात न लावता एक प्रश्न विचारा: हा दिवा कधीपासून लागतोय, आणि त्याच्या आदल्या दोन-चार दिवसांत गाडीत काय बदललं? निम्मं निदान इथंच होतं. बल्ब बदललेला नसताना दिवा लागला असेल तर आधी बघायचं की कुठला बल्ब खरोखर गेला आहे का. मग एकेक करून पार्किंग, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स आणि नंबर प्लेटचा दिवा. हा शेवटचा बघायला सगळे विसरतात, आणि अनेकदा तोच गेलेला असतो. एकट्याच असाल तर अंधारात गाडीची पाठ भिंतीकडे करून लावा आणि ब्रेक दाबा. भिंतीवरचा लाल उजेड आरशात दिसतो. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे का ते बघा.

एक बाजू वेगळी वाटली तर डावीकडचा बल्ब उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे घाला. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब वाईट. दोष जागेवरच राहिला तर बल्ब निर्दोष, होल्डर किंवा अर्थिंग बघायचं. ही अदलाबदल फुकट आहे आणि आमच्या मते गाडीच्या विजेच्या कामात याच्याइतकी भरवशाची परीक्षा नाही. गॅरेजवाल्यालाही सांगा, “आधी अदलाबदल करून दाखवा.” फक्त बल्ब नुकताच जळत असेल तर थंड होऊ द्या, बोट भाजतं.

अर्थिंगचा दोष ओळखायचा एक ठसा आहे. इंडिकेटर लावला की त्याच्यासोबत टेल लाईटही मंद लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो. वीज परतीची नेहमीची वाट बंद झाल्यामुळे शेजारच्या बल्बातून घरी जाते. गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसात मागच्या दिव्यांच्या डब्यात पाणी साचतं, होल्डरच्या पत्र्यावर गंज आणि पितळेवर हिरवट थर चढतो. तो घासून साफ केला की नवा बल्ब न घालताही दिवा सुधारतो. बल्ब आत फिरवूनच बसणारा नसून नुसता दाबून बसणारा चपट्या बुडाचा एलईडी असेल आणि तो मुळीच लागत नसेल, तर काढून उलटा करून बसवा. एलईडीला उलटसुलट कळतं, साध्या बल्बला कळत नाही.

तपासताना दिव्याच्या रंगाकडे दुर्लक्ष करू नका. पिवळा दिवा म्हणजे लवकर बघून घ्या. हिरवा-निळा म्हणजे अमुक चालू आहे एवढंच. लाल म्हणजे थांबा. तेलाच्या किटलीचा लाल दिवा, इंजिन तापल्याचा लाल दिवा, ब्रेकचा लाल दिवा हे बल्बमुळे लागले असतील असं समजून गाडी हाकत राहू नका. हँडब्रेक ओढलेला आहे का, ब्रेक ऑइल किती आहे ते बघा, नाहीतर मेस्त्रीला जागेवर बोलवा.

आता इलाज. सरळ इलाज एकच, मूळ ज्या नंबरचा बल्ब होता त्याच नंबरचा परत घालायचा. पण बाजारात तुम्हाला आणखी दोन इलाज सांगितले जातील, म्हणून तेही माहीत असू द्या.

एक म्हणजे खोक्यावर ‘कॅनबस’ असं लिहिलेला एलईडी. त्याच्या आतच जास्तीची वीज खाणारा भाग असतो. काही गाड्यांत तो चालतो, काहींत नाही. घ्यायचाच असेल तर ‘दिवा लागला तर परत घेणार का’ हे पैसे देण्याआधी विचारा, आणि एकच घेऊन बघा, जोडी नंतर.

दुसरा इलाज म्हणजे तारेत रेझिस्टर जोडणं. बोटाएवढा धातूचा तुकडा असतो, सहा ओहमचा. तो दोन अँपिअर वीज खातो आणि तिची नुसती उष्णता करतो, चोवीस वॅटची. इंजिन चालू असताना त्याहून जास्त. हात लावला तर चटका बसतो. तो प्लॅस्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला बांधला तर वितळवतो. पत्र्यावर पक्का बसवला तर जळण्याची भीती कमी, पण आमचा आक्षेप त्याहून वेगळा आहे. पुन्हा दूध केंद्रावर चला. शेळीचं एक लिटर दूध आणि वर सहा लिटर पाणी घालून सात लिटर भरून दिलं, वहीवाला खूश. उद्या शेळी मेली आणि नुसतं पाणीच आलं तरी वहीत माप जवळपास तेवढंच. ब्रेकचा एलईडी बंद पडला तरी रेझिस्टर आपली वीज खातच राहतो आणि गाडी तुम्हाला कधी सांगत नाही की मागे अंधार आहे. ज्या दिव्यामुळे तुम्हाला कळणार होतं त्याचंच तोंड बांधलं.

तोंड बांधायचे याहून स्वस्त प्रकारही आम्ही पाहिलेत. मीटरवर काळी चिकटपट्टी लावतात. मीटर उघडून तो छोटा दिवाच काढून टाकतात. सेकंडहँड गाडी घेताना म्हणून एवढं कराच: इंजिन चालू करायच्या आधी चावी नुसती एक टप्पा फिरवा. इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग असे दिवे थोडा वेळ लागायला पाहिजेत आणि गाडी चालू झाल्यावर विझायला पाहिजेत. जो दिवा सुरुवातीला लागलाच नाही, त्याच्याबद्दल विकणाऱ्याला विचारा. व्यवहार ठरवायला गेलेल्या एका ताईंनी हे विचारलं तेव्हा त्यांना ऐकावं लागलं, “घरातल्या गड्यामाणसाला पाठवा, त्याला सांगतो.” त्यांनी सांगितलं, चेकवर सही माझी आहे, मलाच सांगा. मग सांगितलं.

हेडलाईटचं थोडक्यात. एच ४ हा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. उजेड वाढावा म्हणून १००/९० चा घालतात. ६० वॅटला पाच अँपिअर लागतात, १०० ला आठांच्या वर. तार आणि बटण तेवढ्यासाठी बनवलेलं नाही. होल्डर तपकिरी पडतो, मग वितळतो, आणि एके रात्री दोन्ही दिवे जातात. साध्या बल्बच्या आरशात एलईडी घातला तर उजेड भलतीकडे फेकला जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाने बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ ची मनाई आहे, तीही ध्यानात ठेवा. ज्या गाड्या कारखान्यातूनच एलईडी दिव्यांच्या आल्या त्यांची गोष्ट निराळी, त्यांचा आरसा, तार आणि मोजणारं यंत्र त्याच हिशेबाचं असतं.

ट्रॅक्टरवाल्या घरांसाठी एक वेगळी आणि महत्त्वाची गोष्ट. जुन्या बनावटीच्या ट्रॅक्टरच्या मीटरमध्ये बॅटरी चार्जिंगचा एक लाल दिवा असतो. तो नुसता खबर देणारा नाही, काम करणारा आहे. अल्टरनेटर म्हणजे वीज तयार करणारं यंत्र. ते फिरायला लागलं तरी त्याला जागं करायला सुरुवातीला थोडी वीज लागते, आणि ती याच छोट्या बल्बमधून जाते. दोन-तीन वॅटचा बल्ब असेल तर साधारण पाव अँपिअर. तो बल्ब गेला, किंवा त्याजागी कुणी एलईडी बसवला, तर अल्टरनेटरपर्यंत पुरेशी वीज जात नाही. ट्रॅक्टर दिवसभर चालतो, बॅटरी भरत नाही. ऊसाच्या हंगामात रात्री दिवे लावून कारखान्यासमोर रांगेत थांबल्यावर पहाटे सेल्फ मारत नाही. मग नवी बॅटरी घेतली जाते, तीही उतरते, मग अल्टरनेटर खोलला जातो. तेव्हा आधी बघा: चावी फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, तो लाल दिवा ठळक लागतो का? चालू झाल्यावर विझतो का? सुरुवातीला लागलाच नाही तर बॅटरी घेण्याआधी बल्ब बघा. गटात एक साधा मल्टिमीटर असू द्या. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास चढला पाहिजे. चढला नाही तर चार्जिंग होत नाही. ट्रॉलीला मागचे दिवे नसतील तर त्याबद्दल पुन्हा कधीतरी स्वतंत्र बोलू. तोवर निदान रिफ्लेक्टर पट्टी लावा.

दुकानात जाताना जुना बल्ब हातात घेऊन जा. ‘ब्रेकचा बल्ब द्या’ एवढ्यावर कुणी बरोबर बल्ब देईल याची खात्री नसते. बुडावरचा नंबर, ठिपके आणि खुंट्या जुळवूनच घ्या. गॅरेजवर काम केलं तर काढलेला भाग परत मागा, आणि स्कॅनर लावणार असतील तर त्याचे पैसे किती आणि तो दिव्यांचा दोष वाचतो का हे आधी विचारा. काही स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाचा दोष वाचतात. सगळ्या बल्बचे नंबर एका कार्डावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा, त्याखाली शेवटचा बल्ब कधी आणि कोणता घातला ती तारीख. कागलच्या गटाला आम्ही हेच कार्ड करायला सांगितलं आहे.

एक शेवटचं. गाडीत आमचा कार्यक्रम लावलाय आणि दिवे लावले की रेडिओ खरखरतो, अशी तक्रार दोघी-तिघींनी केली. हलक्या एलईडीच्या आत वीज कमी-जास्त करणारा जो बारीकसा भाग असतो तो एफएमच्या लहरींत गोंधळ घालू शकतो. दिवे बंद करून ऐकून बघा. खरखर थांबली तर तो बल्ब काढा. दिवे बंद असतानाही चालूच राहिली तर आम्हाला फोन करा, मग आम्ही आमच्याकडचं बघतो.